परतीचे दगड

करडी
७ जुलै २०२४

हर्षाताई, जय भीम.

परवा तुमचा फोन मी उचलला, पण माझ्याकडून नुसती हवाच निघाली. तुम्ही दोनदा विचारलंत, "लोमेशच ना?" आणि मग म्हणालात, "राहू दे. निवांत पत्र लिही." माझी जीभ अडते तेव्हा लोक फोन ठेवून देतात. पत्र लिही असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

तुम्ही पाठवलेला पत्ता कागदावर उतरवून मोबाईलमधून पुसून टाकला आहे. रविवारी पळताना माझा मोबाईल तुमच्या धम्मदीपच्या हातात असतो. त्याचा स्वतःचा साधा बटनांचा आहे, आणि वेग पाहायचं काम आम्ही त्याच्याकडे दिलं आहे. तुम्ही चौकशी केलेली त्याला कळू नये असं तुमच्या आवाजावरून वाटलं. म्हणून उत्तर मी काम करतो त्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. तिथलं टपाल मीच घेतो.

तुम्ही विचारलं होतं, धम्मा खरंच लांब पळतो का, आणि पळताना त्याला धाप लागते का.

पळतो. मागच्या दिवाळीपासून. आम्ही चौघं आहोत. केशवकाका जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर होऊन गावात आले, ते आमचे पुढारी. टीना पोलीस भरतीची तयारी करते. धम्मा आणि मी कशाचीच तयारी करत नाही, आम्ही नुसते पळतो. अधूनमधून आणखी कोणी येतं, दोन रविवार टिकतं आणि जातं.

काकांचा एकच नियम आहे. लांब पळायचं तर बोलत पळायचं. एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्याला आम्ही 'दगड घेणं' म्हणतो. बोलणाऱ्याचं वाक्य तुटलं की सगळ्यांनी वेग कमी करायचा. थकलास का, असं कोणाला विचारायचं नाही. काका म्हणतात, थकलेला माणूस खोटं सांगतो, त्याचं वाक्य सांगत नाही.

मी नववीत शाळा सोडली ती वर्गात उभं राहून धडा वाचावा लागे म्हणून. त्यामुळे पहिले दोन रविवार माझ्या दगडावर सगळे मुके पळाले. टीना म्हणाली, "लोम्याच्या दगडावर रस्ताच लांबून राहिला." तिसऱ्या रविवारी परतताना धम्मा म्हणाला, "माहाबी दगड लोम्याले देऊन टाका. त्याच्याजवळ लय साठलं आहे." म्हणजे मला सलग दोन मिळाले. पहिल्यात काहीच निघालं नाही. दुसऱ्यात पायांचा ठेका शब्दांच्या खाली गेला आणि शब्द वर आले. का, ते मला सांगता येणार नाही. आमच्या दुकानात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'शुभेच्छुक' म्हणून कोणाचं नाव आधी यावं यावरून दोन सख्खे भाऊ भांडले आणि शेवटी फ्लेक्स वाढदिवसानंतर लागला, ती गोष्ट मी सांगितली. काका इतके हसले की थांबावं लागलं.

तेव्हापासून धम्मा परतीचे त्याचे सगळे दगड मलाच देतो. जाताना तो स्वतः बोलतो आणि आम्हाला हसवतो. येताना शांतपणे ऐकत पळतो. धाप लागलेली मी पाहिली नाही.

डिसेंबरात भंडाऱ्याला एकवीस किलोमीटरची दौड आहे. चौघांनी मिळून जायचं ठरलं आहे. तुम्ही त्याला थांबवणार असाल तर थांबवू नका, एवढी विनंती.

लोमेश


नागपूर
१६ जुलै २०२४

लोमेश,

तुझं पत्र वॉर्डात वाचत होते तर सोबतची नर्स म्हणाली, एवढं छान अक्षर कोणाचं गं? म्हटलं, भावाच्या दोस्ताचं. आता जे लिहिते आहे ते त्या दोस्तापाशीच राहू दे.

धम्माला सिकलसेल आहे. वाहक नाही, रुग्ण. त्याच्याकडे लाल कार्ड आहे. आपल्या भागात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, तरी लिहिते. त्याच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. थंडी लागली, पाणी कमी पडलं, दम लागला की जास्तच वाकतात, आणि जिथे अडकतात तिथे असं दुखतं की मोठा माणूस गडबडा लोळेल. सातवीत असताना तो धानाची रोवणी पाहायला गेला आणि पोरांसोबत शेतातल्या बांधीच्या गार पाण्यात उतरला. संध्याकाळी आईने त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. त्यानंतर तर घरात त्याला एकच शब्द ऐकू यायचा. नको. पाण्यात नको, उन्हात नको, खेळू नको. आईला अजूनही वाटतं की तो रविवारी फिरायला जातो.

तुझं पत्र वाचून आधी वाटलं की गावी जाऊन त्याला खाटेला बांधावं. मग आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हळू, पाणी पीत, दम न लागू देता चालला तर हरकत नाही. पळण्याला त्यांनी हो म्हटलं नाही. मी खूप विचारल्यावर म्हणाले, बोलता येतं तोवरच. तुझ्या काकांचा नियम आणि डॉक्टरांचं म्हणणं एकच निघालं, तेव्हा मी गप्प बसायचं ठरवलं.

गावात कोणाला सांगणार नाही अशी त्याने मला शपथ घातली आहे. करडीला यायच्या आधी, जुन्या गावच्या शाळेत त्याला 'लाल कार्ड' म्हणूनच हाक मारायचे. तुमच्या चौघांत तो फक्त धम्मा आहे. ते मोडलं तर तो तुमच्याकडे येणं सोडेल, आणि माझ्याशी बोलणंही.

तू फक्त त्याचं बोलणं ऐकत राहा. वाक्य तुटलं की थांबव. कसं थांबवायचं ते तू बघ. आणि मला लिहीत जा, तो बोलला की नाही.

हर्षा


करडी
२५ ऑगस्ट २०२४

हर्षाताई, जय भीम.

उत्तराला उशीर झाला. रोवणी होती, रविवारही शेतातच गेले. आता पुन्हा सुरू केलं आहे. सकाळी सहाला फाट्यावरून निघतो, नदीकडे सात दगड जातो आणि परत येतो.

तुमचं पत्र वाचल्यापासून मी त्याच्या बाजूलाच पळतो. पाण्याची बाटली कमरेला बांधली आहे. मला सारखी तहान लागते असं सांगून सगळ्यांना थांबवतो, मग तोही पितो. टीना म्हणते, लोम्याच्या पोटात पाण्याची बोडी आहे, कितीही भरा, रिकामीच. पाऊस दिसला की मी खोकतो आणि त्या दिवशीचं पळणं रद्द करायला लावतो. काकांना वाटतं, माझीच छाती कमजोर आहे. वाटू दे.

तो बोलला. आज जाताना त्याने पहिला दगड घेतला आणि तुमच्या आई, विमलामावशी, बाजारात मासेवालीशी कसा भाव करतात त्याची नक्कल केली. "हा मासा कालचा आहे वो बाई, याचे डोळे पाह्य, माह्या सासूवानी बघून राहिला." हसून हसून टीनाच्या कुशीत टोचायला लागलं. चौथा दगडही त्याने पूर्ण घेतला. वाक्य एकदाही तुटलं नाही. काकांना डाव्या कानानेच ऐकू येतं, म्हणून बोलणाऱ्याला त्यांच्या डावीकडून पळत मोठ्याने बोलावं लागतं. तेही त्याला जमलं.

परतीचे दगड नेहमीप्रमाणे त्याने मला दिले. त्याचा तो स्वभावच आहे. ताई, तुम्हाला एक सांगतो. दुकानात मला अजून "किती प्रती?" एवढंही विचारता येत नाही, बोटांनी विचारतो. पण आठवडाभर मी मनात जमवत असतो, रविवारी काय सांगायचं ते. आज माझ्या बाबांबद्दल सांगितलं, जे मी घरीही कधी बोललो नाही. ते गेले तेव्हा त्यांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच तयार केला होता आणि फोटोतला मागचा म्हशीचा गोठा पुसायला मला अर्धा दिवस लागला होता. कोणी हसलं नाही, कोणी हळहळलं नाही. नुसते पाय वाजत होते.

धम्मा ऐकतो तसं कोणी ऐकत नाही. मान खाली, एक हात कमरेवर, शेताच्या धुऱ्यावर उभे राहून म्हातारे ऐकतात तसा. आज शेवटी म्हणाला, "दुकानात गप्प, घरात गप्प. मंग हे सारं ठेवतो कुठं गा?"

काळजी करू नका. मी लक्ष ठेवून आहे.

लोमेश


नागपूर
८ सप्टेंबर २०२४

लोमेश,

तुझं पत्र आलं आणि मी किती दिवसांनी पोटभर जेवले. आईची नक्कल तो माझ्यासमोर करत नाही, मार खाईल म्हणून. तुझी फ्लेक्सची गोष्ट मात्र त्याने मला फोनवर सांगितली. त्याला ती तुझ्याएवढी जमली नसणार, मध्येच स्वतःच हसत होता.

पाणी पाजतोस ते चांगलं करतोस. त्याच्या गोळ्या मी इकडून पाठवते, तो घेतो असं म्हणतो.

डिसेंबरात मी सुटी काढून येईन. शेवटच्या दगडापाशी उभी राहीन. आईलाही घेऊन येईन, तेव्हाच तिला कळू दे.

हर्षा


नागपूर
१५ ऑक्टोबर २०२४

लोमेश,

हे पत्र मिळताच त्याला थांबव. फोनवर तुला उलट काही विचारता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

दसऱ्याला धम्मा दीक्षाभूमीला आला होता. गर्दीतून आम्ही बस स्टँडकडे चालत निघालो. मला ड्युटीवर जायचं होतं म्हणून मी भराभर चालत होते. तो काहीतरी सांगत होता आणि मध्येच म्हणाला, "ताई, तू बोल, मी ऐकतो." मी बोलत राहिले. थोड्या वेळाने वळून पाहिलं तर मान खाली, एक हात कमरेवर.

तू मला लिहिलेलं तेच चित्र होतं. खोलीवर येऊन तुझी पत्रं पुन्हा काढली. जाताना बोलतो, येताना तुला देतो. पहिल्या दगडावर कोणीही बोलेल रे. त्याचं शेवटच्या दगडावरचं बोलणं तुमच्यापैकी कोणी कधी ऐकलं आहे का? आणि तो हात ऐकण्यासाठी कमरेवर जात नाही, त्याचा खुबा दुखतो.

मी नर्स आहे. मला हे जुलैतच कळायला हवं होतं. त्याला फोन करून विचारलं तर म्हणतो, ठणठणीत आहे. बसल्या जागी तो ठणठणीतच बोलतो.

शपथ गेली खड्ड्यात. काकांना सांग.

हर्षा


करडी
२७ ऑक्टोबर २०२४

हर्षाताई,

तुमचं १५ तारखेचं पत्र मला सोमवारी, २१ तारखेला मिळालं. त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता.

दवाखान्यात तुम्ही मला विचारलंत, रस्त्यावर काय झालं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तुम्ही वाट पाहिलीत आणि मग तुम्हाला आत बोलावलं. आता लिहितो.

हलके, लवकर पिकणारे धान कापणीला आले होते, सगळ्यांना शेतात जायचं होतं, म्हणून त्या दिवशी सहाऐवजी पाचलाच निघालो. आम्ही सहाला निघतो हे मीच तुम्हाला लिहिलं होतं. आम्ही निघायच्या आधी गाठावं म्हणून तुम्ही पावणेसहाला फोन केलात. तेव्हा आम्ही नदीच्या अलीकडे होतो आणि माझा मोबाईल धम्माच्या हातात होता.

त्याने दोनदा फोन कापला. तिसऱ्यांदा कापला नाही, वाजून थांबेपर्यंत पडद्यावरचं तुमचं नाव पाहत पळत राहिला. वळायच्या जागी आल्यावर मोबाईल माझ्या हातात दिला. "ताईनं माह्यावर राखण ठेवली का तुले?" मी बाटली पुढे केली. त्याने बाटलीकडे पाहिलं. त्याला त्या बाटलीचं सगळं तेव्हाच समजलं असावं.

मग काकांना म्हणाला, "आज माहा दगड मीच घेतो." आणि काकांच्या डावीकडे गेला.

त्याने जे सांगितलं ते जमेल तसं लिहितो. म्हणाला, माह्याजवळ लाल कार्ड आहे, साऱ्याईनं ऐकून घ्या. दुसरीत असताना खेळाच्या तासाला मास्तर मले लिंबाखाली बसवत आणि साऱ्या वर्गाच्या चपला माह्यासमोर काढत. सातवीपर्यंत साऱ्याईच्या चपला राखल्या मी. मागच्या दिवाळीले पहिल्यांदा तुमच्यासंगं पळालो, तवा वाटलं, आज माह्या चपला कोणी दुसरा राखून राहिला.

काकांना वाटलं, गडी रंगात आला आहे. त्यांना शब्द ऐकू येतात, मधला श्वास ऐकू येत नाही. टीनाला ऐकू आला. ती मागून म्हणाली, हळू चाला, वाक्य तुटून राहिलं. तो आणखी जोरात पळाला. मी बाजूलाच होतो. मला फक्त 'थांब' म्हणायचं होतं. त्या तिसऱ्या रविवारपासून पळताना माझी जीभ एकदाही अडली नव्हती, ती त्या दिवशी 'थ'वर अडली.

दगड जवळ आला तेव्हा तो म्हणाला, "आणि लोम्याले दगड देत होतो ते माह्याजवळ दम नव्हता म्हणून. त्याले वाटलं, दोस्ती."

दगडाला हात लावून तो खाली बसला. ओरडला नाही. ओठ राखेसारखे झाले होते. काकांनी अंगातला शर्ट काढून त्याच्यावर घातला. टीनाने रस्त्यात उभं राहून दुधाची गाडी अडवली. गाडीत त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती रडत त्याला रागावत होती. "माह्या मोठ्या बाबाच्या घरी दोघाईजवळ लाल कार्ड आहे. त्यात लपवाचं काय होतं रे? काहून नाही सांगितलं?"

मी पायाशी बसलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या सगळ्या रविवारी मी बोलत होतो म्हणून त्याला बोलावं लागत नव्हतं. मला जितकं चांगलं बोलता येऊ लागलं, तितकं त्याचं दुखणं झाकलं गेलं.

लोमेश


नागपूर
३० नोव्हेंबर २०२४

लोमेश,

रागात होते म्हणून इतके दिवस उत्तर दिलं नाही. काही दिवस मी तुला दोष दिला, मग काकांना, मग स्वतःला. आता कोणाला द्यायचा ते कळत नाही आणि ड्युटी चुकत नाही.

छातीत पेशी अडकल्या होत्या, ते निवळलं. दोनदा रक्त चढवलं. पण उजव्या खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नव्हतं, ते सुकत चाललं आहे. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसाचं नाही, बरेच महिने दुखत असणार. पुढे ऑपरेशन करावं लागेल. काठी घेऊन चालेल. पळणं संपलं.

तो माझ्या खोलीवर आहे. आईही इथेच आली आहे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो. विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो. आई त्याला जवळ बसून म्हणाली, "बापू, मले काहून नाही सांगितलं?" तर म्हणाला, "सांगितलं असतं तर पळू दिलं असतं का तू?" आई उठून त्याची चादर सारखी करायला लागली.

तुझं नाव काढलं की डोळे मिटतो. म्हणून काढत नाही. एकदाच स्वतःहून बोलला. सकाळी जाग आल्यावर विचारलं, "आज रविवार का?" मी हो म्हटलं. परत भिंतीकडे वळला.

तू यायचं म्हणत होतास असं काकांनी सांगितलं. सध्या येऊ नको.

हर्षा


करडी
१६ डिसेंबर २०२४

हर्षाताई, जय भीम.

येत नाही.

भंडाऱ्याची दौड झाली. आमच्यातून कोणी गेलं नाही. महिनाभर काका पळायलाच आले नाहीत. म्हणत होते, नियम मी केला आणि मलाच ऐकू येत नाही, असा पुढारी कशाला. टीनाने त्यांच्या दारात बसून राहून त्यांना बाहेर काढलं. आता तिघं जातो. परतीचा पहिला दगड, जो त्याने त्या दिवशी घेतला, तो कोणी घेत नाही. तेवढं अंतर मुके पळतो. काका म्हणतात, नुसते पाय ऐकू येतात तेव्हा कळतं, एक जोडी कमी आहे ते.

दोस्ती होती की दम नव्हता, याचा मी पुष्कळ विचार केला. मला ते ठरवता येत नाही. पण दगड मला मिळाले हे खरं आहे, आणि मी बोललो हेही खरं आहे. ते त्याने ज्या कारणाने दिले असतील, त्या कारणाने असोत.

एक विचारायचं होतं. मला भेटून काही बोलता येणार नाही, तो समोर असला तर मुळीच नाही. फोनवरही येणार नाही. पण पळताना येतं. येत्या २९ तारखेच्या रविवारी परतीच्या पहिल्या दगडावर मी तुम्हाला फोन लावीन. त्याच्या हातात देऊ नका, उशाशी ठेवा. त्याने बोलायचं नाही. नको असेल तर त्याने कापावा, त्याला कापता येतो. एका दगडाएवढंच बोलेन.

काकांना आणि टीनाला विचारलं आहे. चालेल म्हणाले. तुम्हाला चालत नसेल तर फोन उचलू नका. मी समजेन.

लोमेश


नागपूर
२९ डिसेंबर २०२४

लोमेश,

आजच लिहिते आहे. इकडे काय झालं ते तुला कळायला हवं.

मी त्याला आधी सांगितलं नव्हतं. फोन वाजला तेव्हा आई चहा गाळत होती. मी उचलून त्याच्या उशाशी ठेवला आणि आवाज मोठा केला. आधी बराच वेळ नुसते पाय. आईला वाटलं, काही बिघाड आहे. त्याला लगेच कळलं. त्याचा हात मोबाईलकडे गेला. मला वाटलं, कापतो. त्याने तो हात तसाच मोबाईलशेजारी ठेवला.

मग तू बोलायला लागलास. दुकानात नवीन वर्षाच्या फ्लेक्ससाठी आलेला तो माणूस, ज्याला स्वतःचा फोटो नको होता, फक्त बैलांचा हवा होता आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून बैलांचीच नावं. आई हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा. धम्मा हसला नाही. डोळे मिटून होता. पण त्याची बोटं चादरीवर पडत होती, एक, मग दुसरं, तुझ्या पायांसोबत.

मध्येच तू कापणीबद्दल सांगायला लागलास. तुमचं हलकं धान, तो दिवस. तिथे तुझा आवाज बदलला. तू जोरात पळायला लागला होतास का? मागून टीनाचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. दगड आला असावा. तू थांबलास, काही बोलला नाहीस आणि फोनही ठेवला नाहीस. इकडून यानेही कापला नाही. दोन्हीकडे नुसता श्वास. मग तुमच्याकडची रेंज गेली.

डॉक्टरांनी काल ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. रक्त कमी आहे. पुढे काय होईल ते मी तुला खोटं लिहिणार नाही, मला माहीत नाही. तो आजही भिंतीकडेच तोंड करून पडला आहे.

पण दुपारी जेवण देताना तो स्वतःहून बोलला. भिंतीकडे पाहतच. "ताई, शेवटी लोम्याचं वाक्य तुटून राहिलं होतं. तुले नाही समजलं. हळू पळ म्हणा त्याले."

निरोप पोचवते आहे.

हर्षा